‘आधीचाच आजार होता’ : एका सोयीस्कर वाक्याविषयी

दुःखाच्या घरी काय बोलावे आणि किती बोलावे, हे आपल्या समाजाला परंपरेने ठाऊक आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणावे, हात हाती घ्यावा, आणि शब्द सापडत नसतील तर मुकाट्याने बसून राहावे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मात्र आपल्या सांत्वनाच्या भाषेत एका नव्या वाक्याची भर पडली. ‘त्यांना आधीचाच आजार होता ना?’ हे ते वाक्य. ते प्रश्नासारखे उच्चारले जाते, पण त्याला उत्तर नको असते. ते सांत्वनासारखे भासते, पण त्याने समाधान होते ते बोलणाऱ्याचे. ऐकणाऱ्याचे होत नाही.

नांदेडमधील एका कुटुंबात वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर आम्ही काही जण बसलो होतो. घरचा कर्ता पुरुष दुसऱ्या लाटेत गेला होता. वय बावन्न, शाळेत शिपाई. चहाच्या वेळी एका सद्गृहस्थांनी नेहमीच्या सहजतेने विचारले, “शुगर होती ना हो त्यांना?” त्या माउलीने कप खाली ठेवला आणि म्हणाली, “होती की. शुगरसंगं अकरा वर्षं जगले. कोरोनासंगं नऊ दिवस.” त्यानंतर कोणी काही बोलले नाही. मला मात्र तेव्हापासून त्या प्रश्नाची चीड आली आहे, आणि ती चीड केवळ भावनेची नाही, हे मी या लेखात दाखवू इच्छितो.

प्रथम विरुद्ध पक्षाला त्याचे न्याय्य माप देऊ. पूर्वीच्या आजारांचा कोरोनाच्या परिणामांशी संबंध आहे, हे निर्विवाद आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोग-नियंत्रण केंद्राने ४४,६७२ निश्चित रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. एकूण रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २.३ होते. हृदयविकार असणाऱ्यांत ते १०.५, मधुमेह असणाऱ्यांत ७.३, श्वसनाचे जुने विकार असणाऱ्यांत ६.३ आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांत ६ निघाले. कोणताही पूर्वीचा आजार नोंदलेला नव्हता त्यांच्यात ते शेकडा एकाहूनही कमी होते. ऐंशी वर्षांपलीकडील वृद्धांत ते १४.८ होते. त्यानंतर जगभर जी पाहणी झाली, तिने या चित्राचा मुख्य आकार कायम ठेवला. वय, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, अतिस्थूलता या गोष्टी जोखीम वाढवतात. डॉक्टरांनी आजारांची चौकशी केली ती योग्यच केली. कोणाला आधी तपासायचे, कोणाला आधी लस द्यायची, हे त्याशिवाय ठरले नसते.

माझा वाद या आकड्यांशी नाही. आकड्यांमधून आपण जो निष्कर्ष काढला त्याच्याशी आहे. शेकडा सात मधुमेही दगावले, याचा अर्थ शेकडा त्र्याण्णव वाचले. मधुमेह म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हे त्याच तक्त्यात लिहिलेले होते. आपण मात्र वरची ओळ वाचली आणि खालची सोडली. ‘जोखीम’ या शब्दाच्या जागी आपण ‘कारण’ हा शब्द ठेवला, आणि पुढे हळूच ‘कारण’च्या जागी ‘दोष’ ठेवला. ही दोन पावले इतकी सहज पडली की ती पडल्याचे आपल्याला कळलेही नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट इंग्लंडमधील एका अभ्यासातून पुढे आली. जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे एक कोटी सत्तर लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. मधुमेह आहे पण साखर आटोक्यात आहे, अशा माणसाची मृत्यूची जोखीम मधुमेह नसलेल्याच्या तुलनेत साधारण १.३ पट होती. साखर आटोक्यात नसलेल्याची ती जवळजवळ दुप्पट होती. नुसत्या उच्च रक्तदाबाचा तर वय व इतर आजार वेगळे काढल्यावर स्वतंत्र वाटा फारसा उरलाच नाही. याचा सरळ अर्थ असा की आजाराचे नाव सर्वांना एकच असले तरी त्याचे भवितव्य एक नसते. त्या आजाराकडे किती वर्षे कोणी लक्ष दिले, गोळी वेळेवर मिळाली की नाही, साखर दर तीन महिन्यांनी तपासली गेली की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. रक्तातील वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना दुबळे करते आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर झिजवते. त्या झिजलेल्या अस्तरावर विषाणूचा घाला पडतो तेव्हा शरीराजवळ राखीव बळ उरलेले नसते. हे झिजणे एका रात्रीत होत नाही. त्याला वर्षे लागतात, आणि त्या सर्व वर्षांत ते थांबवता येते.

लातूरकरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते आणि थकलेली गावे गाढ झोपेत होती. जगाच्या मापाने तो भूकंप प्रचंड नव्हता. त्याची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. तरीही सात हजारांहून अधिक माणसे गेली. कारण घरे दगडमातीच्या जाड भिंतींची होती आणि वर मातीचे जड माळवद होते. ते माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. आता विचार करा. त्या सकाळी ढिगाऱ्याजवळ उभे राहून कोणी म्हणाले असते, ‘भूकंपाचे काय घेऊन बसलात, घर आधीचेच कच्चे होते’, तर आपण त्याला काय म्हटले असते? घर कच्चे होते हे खरेच होते. पण त्या सत्यातून आपण काढलेला निष्कर्ष वेगळा होता. जमीन हलणे आपल्या हाती नाही, भिंत आपल्या हाती आहे, असे आपण म्हटले आणि गावेच्या गावे नव्या पद्धतीने बांधली. कच्च्या घराचा दोष मेलेल्याच्या माथी मारला नाही. मग कच्च्या शरीराच्या बाबतीत आपली बुद्धी उलटी का चालावी?

ती उलटी चालली, कारण तसे चालणे सोयीचे होते. ही सोय तिघांना झाली, आणि तिघांचाही हिशेब मांडला पाहिजे.

पहिली सोय निरोगी माणसाची. आधी आपण ‘कोणी आणला’ असे विचारले. नांदेडच्या हुजूर साहिब येथे टाळेबंदीत अडकलेले हजारो शीख यात्रेकरू एप्रिल २०२० अखेर पंजाबात परतले, आणि संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला यावरून दोन राज्यांत वाद पेटला. आणणारा सापडेनासा झाला, कारण विषाणू सर्वत्र पोहोचला होता. तेव्हा आपण दुसरा प्रश्न हाती घेतला : ‘मेला त्याला काय होते?’ दोन्ही प्रश्नांची घडण एकच आहे. मी वेगळा आहे, माझ्यावर ही पाळी येणार नाही, एवढेच ते सांगतात. ज्याला काही आजार नाही असे स्वतःला वाटते, तो मग मुखपट्टी खिशात ठेवून लग्नाच्या पंगतीला गेला. त्याला काही झाले नाही, हे खरे. घरी म्हाताऱ्या आईला मात्र झाले. आणि नंतर तोच म्हणाला, ‘आईला बी.पी. होते.’ आईचे बी.पी. पंगतीला गेले नव्हते.

दुसरी सोय शासनाची. २०२० मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रसिद्धिपत्रकांत मृतांच्या संख्येपाठोपाठ एक ठरलेले वाक्य येई : मृतांपैकी इतक्यांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार आढळले. माहिती म्हणून ते योग्य होते. पण रोज संध्याकाळी तेच वाक्य वाचून आपली समजूत अशी झाली की उरलेलेच खरे मृत्यू. काही ठिकाणी तर ही समजूत धोरण झाली. एप्रिल २०२० अखेर पश्चिम बंगालच्या शासनाने बाधितांच्या १०५ मृत्यूंपैकी केवळ ३३ कोरोनाचे मानले. बाकीचे सहव्याधींच्या नावावर टाकले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मात्र मृत्युनोंदीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले होते की मधुमेह, दमा, हृदयविकार यांनी जोखीम वाढते, पण ते कोरोना मृत्यूचे मूळ कारण म्हणून लिहू नयेत. पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेले. ३० जून २०२१ चा निकाल, सप्टेंबरमधील नवी मार्गदर्शक तत्त्वे, आणि ४ ऑक्टोबर २०२१ चा आदेश, एवढा प्रवास झाल्यावर ठरले की तपासणीनंतर तीस दिवसांत आलेला मृत्यू कोरोनाचा मानावा, आणि केवळ प्रमाणपत्रावर ‘कोरोना’ हा शब्द नाही म्हणून कुटुंबाची पन्नास हजारांची मदत नाकारू नये. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द लिहिल्याने विधवेच्या हाती काय पडते आणि काय पडत नाही, हे त्या निकालाने सर्वांना दाखवले. ‘आधीचाच आजार’ हा केवळ चहाच्या पेल्यावरचा शब्द नव्हता. त्याला किंमत होती, आणि ती गरिबाने मोजली.

याच संदर्भात १ मार्च २०२१ ची आठवण द्यावीशी वाटते. त्या दिवसापासून साठ वर्षांवरील सर्वांना, आणि पंचेचाळीस ते एकोणसाठ वयोगटात ठरावीक वीस व्याधी असणाऱ्यांना लस खुली झाली. अट एकच होती : नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र. शहरातील ज्या गृहस्थाची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, त्याच्याजवळ फाइल तयार होती. किनवट-माहूरच्या डोंगरातील किंवा देवणी-जळकोटच्या शिवारातील ज्या बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आयुष्यात कधी गुंडाळला गेला नाही, तिने प्रमाणपत्र कुठून आणावे? आजार तिलाही होता. पण कागदावर ती निरोगी होती. लस घेण्याच्या वेळी तिच्याकडे आजाराचा पुरावा नव्हता. ती दगावली तेव्हा मात्र रुग्णालयात पहिल्यांदा साखर तपासली गेली आणि आजाराचा पुरावा सापडला. १ एप्रिलपासून पंचेचाळीसवरील सर्वांना लस खुली झाली खरी, पण तोवर दुसरी लाट दारात उभी होती. नांदेड जिल्हा तर २५ मार्चपासूनच टाळेबंदीत होता.

ही परिस्थिती ज्या भूमीत आहे, तिचे वैशिष्ट्य काय? लातूर आणि नांदेड ही दोन शहरे डॉक्टर घडवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुले ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीला येतात, खोल्या भाड्याने घेतात, वैद्यकीय प्रवेश परीक्षा देतात. लातुरात विलासराव देशमुख यांच्या नावाचे आणि नांदेडात डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे, अशी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. इतके असूनही तालुक्याच्या गावातील माणूस साखर तपासायला एक दिवसाची मजुरी बुडवून जातो, आणि पुढचे दुखणे निघाले की हैदराबाद, सोलापूर किंवा पुण्याची वाट धरतो. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. ती बातमी देशभर गेली. तेव्हाही रुग्ण दूरवरून अत्यवस्थ अवस्थेत उशिरा आले, असे सांगण्यात आले. उशीर का झाला, हे विचारले गेले असते तर उत्तर सापडले असते. मराठवाड्यात पूर्वीचा आजार म्हणजे पुष्कळदा पूर्वीचे दुर्लक्ष असते, आणि ते दुर्लक्ष एकट्या रुग्णाचे नसते.

मे २०२१ मधील काळी बुरशी हे त्याचे सर्वांत भयानक उदाहरण. म्युकरमायकोसिस हा दुर्मीळ रोग. पण जुलै २०२१ पर्यंत देशात पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. माणसे कोरोनातून वाचली आणि डोळा किंवा जबडा गमावून बसली. बहुतेकांना मधुमेह होता, हे खरे. पण स्टिरॉइडने साखर वाढते हे ठाऊक असूनही किती जणांची साखर रोज मोजली गेली? जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीने दाखवले होते की डेक्सामेथासोनने प्राणवायूवरील रुग्णांचे प्राण वाचतात; ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा लाभ नाही. आपल्याकडे मात्र स्टिरॉइडच्या गोळ्या घरोघरी, ताप येताच घेतल्या गेल्या. मधुमेह जुना होता. त्यावर घातलेले तेल नवे होते.

शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक उन्हातान्हात दारोदार फिरले. त्यांनी ताप मोजला, प्राणवायू मोजला, घरातल्या जुन्या आजारांची नोंद केली. इतिहासात प्रथमच या राज्यातील जवळजवळ प्रत्येक घराच्या दुखण्याची यादी झाली. माझा प्रश्न एवढाच : साथ ओसरल्यावर त्या यादीचे काय झाले? यादीतल्या किती जणांच्या दारी दुसऱ्यांदा कोणी गेले? ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मधुमेहाची आणीबाणी कोणी संपवली? २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशात दहा कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसे असल्याचे सांगितले. पुढची साथ येईल तेव्हा हीच माणसे तिच्यापुढे उभी असतील. तेव्हाही आपण हेच वाक्य म्हणणार काय?

आता तिसरी सोय, आणि ती आपली, श्रद्धावंतांची. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. ‘त्याला शुगर होती ना’ हा त्याच प्रश्नाचा आधुनिक अवतार आहे. प्रभूने तो प्रश्न नाकारला, एवढेच करून तो थांबला नाही. त्याने मातीचा लेप केला आणि त्या माणसाला धुण्यासाठी पाठवले. म्हणजे दोष कोणाचा या चर्चेतून त्याने शिष्यांना बाहेर काढले आणि उपचाराकडे वळवले. ईयोबाच्या मित्रांनीही आधी सात दिवस मौन पाळले तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते कारणे सांगू लागले आणि तिथेच चुकले.

आपल्यात आणखी एक दोष आहे, तो लपवून चालणार नाही. प्रार्थनासभेत बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केलेली माणसे मी पाहिली आहेत. ‘गोळी घेतली तर श्रद्धा कमी पडते’ असे सांगणारेही पाहिले आहेत. ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. आपल्या कॅथलिक बायबलमधील सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केली असे मानतो. रुग्णांना दिला जाणारा तैलाभ्यंग गोळीच्या जागी येत नाही, तिच्यासोबत येतो. पोप फ्रान्सिस यांच्या फुफ्फुसाचा काही भाग १९५७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, काढून टाकावा लागला होता. म्हणजे तेही ‘आधीचाच आजार’ असलेले. २७ मार्च २०२० च्या पावसाळी संध्याकाळी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात जगासाठी प्रार्थना करणारे तेच होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये लस घेणारेही तेच. प्रार्थना आणि लस यांत त्यांना विरोध दिसला नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. अपुऱ्या फुफ्फुसाने त्यांनी सदुसष्ट वर्षे सेवा केली. जुना आजार असलेल्या माणसाच्या आयुष्याला पुढे किती मोल असू शकते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

टीका करून थांबणे हा लेखणीचा आळस होईल. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर रक्तदाब आणि साखर तपासली जावी. एक यंत्र, थोड्या पट्ट्या आणि एखादी परिचारिका एवढेच लागते. आपल्या समाजात परिचारिकांची वाण कधीच नव्हती. ज्याला यायला संकोच वाटतो त्याच्या घरी जावे. धर्माच्या भिंतीबाहेरचा शेजारी आला तर त्याचे आधी तपासावे. दुसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात या आजारांच्या गोळ्या मोफत मिळाल्या पाहिजेत, आणि त्या संपल्या असतील तर ग्रामसभेत उठून विचारणे हे आपले काम आहे. तिसरी, सणाच्या ताटाकडे आणि पेल्याकडे आपण एकदा डोळे उघडून पाहावे. तंबाखू आणि दारू यांवरचा आपला संयम उपवासकाळातील चाळीस दिवसांपुरता का असावा?

आणि या तिन्हींच्या आधी एक चौथी, ज्याला काहीच खर्च येत नाही. दुःखाच्या घरी गेल्यावर तो प्रश्न विचारू नये. विचारायचेच असेल तर एवढेच विचारावे : “घरात आणखी कोणाला शुगर, बी.पी. आहे का? तपासून किती दिवस झाले?” गेलेल्याला आपण परत आणू शकत नाही. नांदेडच्या त्या घरात एक मुलगा आहे, आता तिशीच्या उंबरठ्यावर. त्याच्या वडिलांचा मधुमेह त्यालाही येण्याचा संभव आहे. त्याची साखर अद्याप कोणी तपासलेली नाही. त्या दिवशी आम्ही चहा पिऊन उठलो तेव्हा आमच्यापैकी कोणाला ते सुचलेही नव्हते.